कोळदऱ्याच्या रस्त्यावरची हजेरी

भामाबाई फाट्यावर एसटीतून उतरली तेव्हा आठला थोडा अवकाश होता. कंडक्टरने पिशवी खाली देता देता विचारलं, "मावशी, कोळदऱ्याला चालत जाता का? न्यायला कुनी न्हाई आलं?" तिने नुसता हात हलवला. ज्या रस्त्याची खडी आपण फोडली त्या रस्त्यावर सोबत कशाला लागते, असं तिच्या मनात आलं, पण ते कंडक्टरला सांगून काय उपयोग होता.

रस्ता आता नावालाच उरला होता. बहात्तरच्या दुष्काळात नवरा गेल्यावर दोन पोरं घेऊन ती कर्जतहून माहेरी आली आणि आईच्या शेजारी बसून याच रस्त्यावर खडी फोडायला लागली. त्या खडीवर डांबर चढलं, पुढे डांबर उडालं, मग खडी उडाली आणि बावीस वर्षांत माती पुन्हा जिथल्या तिथे आली. गेल्या तीन वर्षांत दोनदा दुरुस्ती मंजूर झाल्याचं तिला ठाऊक होतं, कारण दोन्ही वेळा बन्सीने मोठ्या उमेदीने पत्र धाडलं होतं. बन्सी तिचा पाठचा भाऊ, या रस्त्यावरचा मुकादम. दुरुस्ती झाली कुठे ते मात्र शोधून सापडत नव्हतं. दर फर्लांगाला न फोडलेल्या दगडांचा एकेक ढीग आणि त्यावर चुन्याची रेघ, एवढाच काय तो सरकारचा हात लागलेला दिसत होता.

मोरीपाशी आल्यावर तिचे पाय आपोआप थांबले. मागच्या वर्षी आई, म्हणजे बनुबाई, छातीत कळ येऊन पडली तेव्हा तिला पारनेरला नेणारा टेम्पो याच खचलेल्या मोरीत रुतला होता. माणसं ढकलत राहिली आणि म्हातारी मागच्या फळीवर पडल्या पडल्या गेली. कागदावर ही मोरी त्याच्या चार महिने आधी दुरुस्त झालेली होती. भामाबाईला ते फार उशिरा कळलं, आणि कळल्यापासून बन्सीला त्याबद्दल विचारायचं ती टाळत आली होती.

उद्या आईला वर्ष होणार होतं. दुपारी भन्तेजी येणार, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम, मग जेवणं. तेवढ्यासाठीच ती पोराच्या घरून एक दिवस आधी आली होती.

मोरी ओलांडून ती चढाला लागली आणि तिला आवाज ऐकू आला. कुणीतरी लांबून, एका सुरात, नावं पुकारत होतं.

"छगन लक्षुमन भिंगारदिवे."

मग शांतता. दहा-बारा श्वास घेता येतील एवढी.

"गंगूबाई तुकाराम साळवे."

पुन्हा तशीच शांतता. छगनकाका जाऊन तीन वर्षं झाली होती. गंगूबाईला तर भामाबाईने स्वतः शेवटची आंघोळ घातली होती. ती चार पावलं पुढे झाली तेव्हा बाभळीखाली दगडावर बसलेला बन्सी दिसला. मांडीवर हजेरीपट, हातात पेन, डोळे समोरच्या रिकाम्या रस्त्यावर. आजूबाजूला माणूस नव्हतं, शेळी नव्हती, ऑक्टोबरच्या उन्हात साधं पाखरूही दिसत नव्हतं.

"बनुबाई दगडू भिंगारदिवे."

या नावाला तो जास्त थांबला. मान किंचित कलती करून, कान देऊन. आणि मग पलीकडच्या ढिगाकडून एक आवाज आला. टक. हातोडी दगडावर बसावी तसा, एकदाच.

बन्सीने मान डोलावली आणि पटावर खूण केली.

भामाबाईने हातातली पिशवी खाली ठेवली. उन्हाने दगड तडकतो हे तिला माहीत होतं, तिने उभं आयुष्य दगड पाहिले होते. पण सकाळी आठच्या उन्हात कुठला दगड तडकतो?

"बन्सी."

तो दचकला नाही. "आलीस आक्का? थांब, दोन नावं ऱ्हायलीत." आणि खरोखरच त्याने उरलेली दोन नावं पुकारली, वाट पाहिली, खुणा केल्या आणि मगच पट मिटला.

"मेलेल्या मानसांची नावं घेतोस व्हय रे सकाळच्या पारी?"

"हजेरी हाय. नाव पुकारल्याबिगर हजेरी भरायची न्हाई, ही शिस्त कुनाची? आईचीच की."

ते खरं होतं. बहात्तर साली कारकून घरी बसून हजेऱ्या भरायचा आणि बायकांचे दिवस खायचा. बनुबाईने एक दिवस सगळ्या बायकांना हातोड्या खाली ठेवायला लावल्या आणि सांगितलं, रोज सकाळी रस्त्यावर उभं राहून आमची नावं मोठ्याने घ्यायची, आम्ही ओ दिली की मगच लिहायचं. तेव्हापासून कोळदऱ्याच्या रस्त्यावर हजेरी पुकारूनच होत आली. मुकादम झाल्यावर बन्सीने सगळं सोडलं, तेवढं एक सोडलं नाही.

"आन ह्यांचा पगार कोन उचलतं?"

बन्सीने पट पिशवीत सरकवला. "वरच्याचं वरच्याला जातं. माझं मला. तुला काय नवीन हाय का ते?"

"आईला मेल्यावर बी कामाला लावलीस तू."

बन्सीने पिशवी खांद्याला अडकवली. पन्नाशीतला माणूस, पण त्या क्षणी त्याचा चेहरा लहानपणी मार खाल्ल्यावर व्हायचा तसा झाला. चालायला लागल्यावर थोड्या वेळाने तो हळूच म्हणाला, "बाकीच्यांची नावं घेतो ती पद्धत म्हनून घेतो. तिचं घेतो तवा... आक्का, तुला आलं ना ऐकू?"

"काय?"

"काय न्हाई. चल, च्या घेऊ."

तिने ऐकू आलं असं कबूल केलं नाही. छपन्न साली बनुबाईने टोपलीभर देव ओढ्याला सोडले, त्या दिवसापासून या घरात भूतखेत हा शब्द कुणी तोंडातून काढला नव्हता. ते सगळं आपण मागे टाकलं याचा भिंगारदिव्यांना रास्त अभिमान होता. अडचण एवढीच, की त्यामुळे या घरात कुणाला भीती वाटली तरी ती बोलून दाखवायची सोय राहिली नव्हती.

बन्सीचं घर नवं होतं, स्लॅबचं. रस्त्यावर पडायची खडी या स्लॅबमध्ये पडली हे सगळ्या गावाला माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं, कारण ज्याचं त्याचं थोडंथोडं त्यात अडकलेलं होतं. भिंतीवर बुद्ध, बाबासाहेब आणि त्यांच्या खाली बनुबाईचा फोटो, अजून हार न घातलेला. हार उद्या यायचा होता.

चहा देताना मुक्ताबाई, बन्सीची बायको, भामाबाईजवळ सरकून बसली.

"वन्सं, एक सांगू का? हसू नका. त्यो सहाव्या फर्लांगाचा ढीग हाय ना, त्यो बारीक व्हतोय."

"कुनी चोरत असंल दगड."

"चोरलं तर ढीग कमी व्हईल. हितं दगडं बारीक व्हत्यात. मी दर ऐतवारी शेळ्या घेऊन जाते. एका अंगाला फोडल्याली खडी पडल्याली असती. समदी सुपारीएवढी, निवडल्यावानी." मुक्ताबाईचा आवाज आणखी खाली गेला. "तशी खडी कोन फोडायचं, ते तुमाला ठावं हाय."

भामाबाईला ठाऊक होतं. बाकी बायकांच्या पाटीत लहानमोठी खडी असायची, आईच्या पाटीत एकसारखी. साहेब लोक ती पाटी दाखवून इतरांना रागवायचे. तिने चहाची कपबशी खाली ठेवली आणि विषय बदलून सहादेव कधी येणार ते विचारलं.

सहादेव, धाकटा भाऊ, नगरला शाळेत मास्तर होता. तो अकराच्या सुमारास आला आणि त्याच्या पाठोपाठ बन्सीचा सम्राट सायकल दामटत पारनेरहून आला. सम्राटने इंजिनिअरिंगचा डिप्लोमा केला होता, त्याची बांधकाम खात्यातच निवड झाली होती आणि ऑर्डर महिनाभरात हातात पडणार होती. त्याने घामाने भिजलेली एक चिठ्ठी बापाच्या हातात दिली. चिठ्ठी ओव्हरसियरची होती.

बन्सीने ती दोनदा वाचली. मग म्हणाला, "उद्या धा वाजता पथक येतंय. तपासनीस नवा हाय. पटावरली मानसं रस्त्यावर उभी करून मोजनार."

आत मुक्ताबाईने स्टोव्ह बंद केला तो आवाज सगळ्यांना ऐकू आला.

"किती नावं आहेत पटावर?" सहादेवने विचारलं.

"बारा."

"आणि माणसं?"

"तीन."

सहादेवने चष्मा काढून पुसला. वर्गात पोराने फार मोठी चूक केली की तो असंच करत असणार. "म्हणजे नऊ जणांचा पगार. तीन वर्षं. दादा, तू बुद्धाच्या फोटोखाली बसून हे सांगतोयस. उद्या दुपारी आपण पंचशील म्हणणार. खोटं बोलणार नाही, चोरी करणार नाही."

"म्हनू की. नऊ मानसं मिळाली तर दुपारी समदे मिळून म्हनू," बन्सी म्हणाला. "न्हाईतर मी दुपारी पारनेरच्या ठान्यात असंन, तुमी म्हना."

"काका बरोबर बोलतायत," सम्राट एकदम म्हणाला. "बाबा, तुम्ही सगळं कबूल करा. साहेबाचं नाव सांगा. खालच्या माणसाला सोडतात."

"सोडत्यात?" बन्सी हसला. "साहेबाची एक तरी सही हाय का पटावर? समद्या माझ्या हायेत. आन तुझ्या ऑर्डरीचं काय रं? बाप खात्याच्या पैशात आत गेला, तर पोराला त्याच खात्यात घेत्याल व्हय? तुझ्या फियाबी ह्याच रस्त्यातून भरल्यात, ते इसरू नको."

सम्राट खाली बघू लागला. आपल्या बाजूचा एक गेला हे सहादेवच्या लक्षात आलं आणि त्याने भामाबाईकडे पाहिलं. "आक्का, तू तरी सांग ह्याला."

भामाबाईला खूप सांगायचं होतं. मोरीचं सांगायचं होतं. पण त्याआधीच मुक्ताबाई दारात येऊन उभी राहिली. "भावजी, तुमच्या डीएडला पैसं लागलं तवा धनी रस्त्यावर मैलकुली हुतं. सासूबाई खडी फोडत हुत्या. तवा बी ह्यांनी कारकुनाला धरून दोन खोटी नावं घातली हुती. तवा तुमी पंचशील म्हनत हुता का न्हाई, ते मला आठवत न्हाई."

सहादेवचा चेहरा उतरला. त्याने चष्मा डोळ्यांवर चढवला, पुन्हा काढला. मग तो बन्सीकडे न बघता म्हणाला, "माझं नाव काय?"

"छगनकाका," बन्सी म्हणाला.

तिथून पुढे सगळं पटापट ठरलं. कार्यक्रमाला येणारे पाहुणे सकाळी लवकर बोलवायचे. कर्जतचा मावसभाऊ, घोडेगावचे व्याही, सहादेवची बायको. ज्याच्या त्याच्या वयाप्रमाणे एकेक मेलेलं किंवा गाव सोडून गेलेलं माणूस ज्याच्या त्याच्या अंगावर घालायचं. बन्सी बोटं मोजत नावं वाटत होता, जेवणाला पत्रावळी वाटाव्यात तसा. शेवटी एकच नाव राहिलं आणि सगळे भामाबाईकडे पाहायला लागले.

आईचा चेहरा तिनेच घेतला होता. लांबट हनुवटी, खोल डोळे, पुढचा एक दात आडवा. वरच्या फोटोखाली ती बसलेली होती, त्यामुळे कुणाला तोंडाने सांगायची गरजच पडली नाही.

"मी न्हाई," भामाबाई म्हणाली.

"आक्का, अकरा नावं जुळली आन एक न्हाई जुळलं तरी मी गेलो."

"मग तिचं नाव का ठिवलंस? वरीस झालं. दुसरं कुनाचं घालायचं."

बन्सीने पट मांडीवर ओढला. मग त्याने जे सांगितलं ते तो घरात पहिल्यांदाच सांगत असावा. "कापायला गेल्तो. दोनदा. पेन टेकवलं की वाटतं, रस्त्यावर तिला एकलीला सोडून घरी आलो. हजेरीला नाव घेतलं की ती हाय. नाव न्हाई घेतलं की मोरीतला त्यो टेम्पो दिसतो."

भामाबाईला त्याचा राग आला, अगदी मनापासून आला, आणि त्याच वेळी त्याला पोटाशी धरावं असंही वाटलं. रांडावल्यावर दोन पोरं घेऊन ती आली तेव्हा या भावाने आपली भाकरी मोडून तिच्या पोरांना दिली होती. पण मेलेल्या आईला रोज सकाळी आठला हाक मारून कामावर बोलवायचं, हे तिच्या काळजाला सोसत नव्हतं. जन्मभर जिला एक दिवस रजा मिळाली नाही, तिला मेल्यावर तरी मिळावी. एवढंच तिला हवं होतं.

"मी हुभी ऱ्हाते," ती म्हणाली. "पन पथक गेलं की सगळ्यात आधी आईचं नाव काप. आन ग्रामपंचायतीत तिच्या मरनाची नोंद घाल. अजून घातली न्हाईस, मला ठावं हाय. तिला सोड, बन्सी. त्याबिगर मी तिथं बसनार न्हाई."

"उद्याच्या उद्या करतो."

"फोटूवर हात ठिवून म्हन."

त्याने फोटोच्या काचेवर हात ठेवून म्हटलं.

"आन हीच बारा नावं ना? आनखी कुटं काय न्हाई?"

"हीच," बन्सी म्हणाला आणि पट गुंडाळायला लागला. त्याने वर पाहिलं नाही. भामाबाईच्या ते लक्षात आलं, पण तोवर मावसभावाला निरोप धाडायची घाई सुरू झाली होती.

सकाळी मुक्ताबाईने ट्रंकेतून सासूचं लुगडं काढलं. हिरवट, काठ विरलेलं, गुडघ्यापाशी दगडाच्या कपच्यांनी बारीक बारीक भोकं पडलेलं. भामाबाई पाचवारी नेसायची. नऊवारीचा कासोटा घालताना तिचे हात चुकत होते, मग मधेच ते आपोआप चालायला लागले आणि निऱ्या आई घालायची तशा डाव्या अंगाला वळल्या. तिने तसं मुद्दाम केलं नव्हतं. बन्सीची धाकटी मुलगी सीमा काजळाची डबी आणि काडी घेऊन पुढे बसली. आजीच्या हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके होते आणि पटाबरोबरच्या ओळखीच्या कागदावर तसं लिहिलेलं होतं.

सीमाने दोन ठिपके काढले. तिसऱ्याला तिचा हात थांबला.

"आत्या, कायतरी बोल ना."

"काय बोलू?"

सीमाने पटकन हात मागे घेतला आणि आईकडे बघितलं. मुक्ताबाईनेच काडी घेऊन तिसरा ठिपका काढला आणि पोरीला पाणी भरायला पाठवून दिलं. भामाबाईने आरसा मागितला. मुक्ताबाई म्हणाली, आरसा सापडत नाही. तो तिच्या मागेच खिळ्याला होता.

साडेनऊला सगळे सहाव्या फर्लांगाला बसले. हातोड्या वाटल्या गेल्या. सहादेव आयुष्यात प्रथमच खडी फोडत होता आणि त्याच्या कपाळावर कपची उडून रक्त आलं होतं. त्याने ते पुसलं नाही, बरं दिसेल म्हणून. भामाबाई ढिगाच्या एका अंगाला बसली. बसल्यावर तिला दिसलं की तिच्या पायाशी खडी आधीच पडलेली आहे. एकसारखी, सुपारीएवढी. त्या खडीच्या मधोमध एक माणूस मांडी घालून बसेल एवढी मोकळी जागा होती आणि त्याच जागेवर ती बसली होती. उठावंसं वाटलं, पण तेवढ्यात खाली जीपची धूळ दिसली.

तपासनीस साहेब किडकिडीत, चष्मेवाले, बोलायला फार मऊ होते. त्यांच्याबरोबर एक कारकून, गावात नुकताच बदलून आलेला ग्रामसेवक आणि सगळ्यांच्या मागे तोंड पाडून ओव्हरसियर. साहेबांनी आधी सगळ्यांना नमस्कार केला. मग बन्सीच्या हातातून पट घेतला आणि म्हणाले, "तुमच्याकडे नावं पुकारायची पद्धत आहे असं ऐकलंय. चांगली पद्धत आहे. आज मी पुकारतो."

"छगन लक्ष्मण भिंगारदिवे."

"हाय," सहादेव म्हणाला. त्याचा आवाज फाटला.

एकेक नाव येत होतं, एकेक मेलेलं माणूस ओ देत होतं. गंगूबाई म्हणून बसलेली सहादेवची बायको गंगूबाईचं वय विसरली होती, पण साहेबांनी ते विचारलं नाही. भामाबाईला एक शब्द तर बोलायचा होता. तो बोलला की आई सुटणार होती, आणि हा विचार ती घट्ट धरून बसली.

"बनुबाई दगडू भिंगारदिवे."

"हाय."

आवाज खणखणीत आला, जुना, ओळखीचा. आपण तोंड उघडलं होतं का, हे भामाबाईला नंतर कधीच नक्की सांगता आलं नाही. बन्सीचा चेहरा पांढरा पडला होता आणि तो तिच्याकडे नाही, तिच्या खांद्यावरून मागे बघत होता. तिने मागे वळून पाहिलं नाही.

साहेब जवळ आले. गोंदण पाहिलं, कागद पाहिला. "आजी, वय काय?"

"लिव्हलंय तेवढं."

साहेब हसले आणि पुढे गेले. बारा नावं पुरी झाली. बन्सीने श्वास सोडला तो सगळ्यांना ऐकू गेला. सहादेवने हातोडी खाली ठेवली. तेवढ्यात साहेबांनी कारकुनापुढे हात केला आणि म्हणाले, "आता मोरीचा पट."

कारकुनाने बॅगेतून दुसरा पट काढला.

बन्सीने ओव्हरसियरकडे पाहिलं. ओव्हरसियर बुटावरची धूळ बघत होता.

"यात चारच नावं आहेत," साहेब म्हणाले. "पहिलं, भामाबाई दगडू भिंगारदिवे."

नाव माहेरचं होतं, भामाबाईला क्षणभर कळेना, हे कुठे ऐकलंय. मग एकदम सगळं कळलं. गेल्या वर्षी आईच्या तिसऱ्या दिवशी बन्सीने जमलेल्या सगळ्यांचे अंगठे घेतले होते. आईच्या मरणाची नोंद करायला लागतात, असं त्याने सांगितलं होतं आणि तिने डोळे पुसत पुसत, न बघता अंगठा उठवला होता. त्याच अंगठ्यावर ती वर्षभर, आई जिथे मेली ती मोरी कागदावर दुसऱ्यांदा बांधत होती.

"भामाबाई दगडू भिंगारदिवे," साहेबांनी पुन्हा पुकारलं. "मुकादम, कुठे आहे ही बाई?"

"आजारी हाय, साहेब."

"घर कुठंय? चला, बघून येऊ. पाच मिनिटांचं काम."

बन्सी घाम पुसायला लागला. सम्राट दोन पावलं पुढे आला आणि तिथेच थांबला. सगळ्यांना एकच वाट दिसत होती आणि ती कुणी बोलावी एवढाच प्रश्न होता. ती बन्सीनेच बोलली.

"घरी न्हाई, साहेब. वारली ती."

"वारली? मागच्या शनिवारपर्यंत हजेरी आहे तिची."

साहेबांनी पटावरचं नाव पुन्हा वाचलं, मग पहिल्या पटावरचं एक नाव वाचलं आणि ते सावकाश वळून ढिगापाशी आले. भामाबाईसमोर चक्क उकिडवे बसले.

"आजी, दगडू तुमच्या मालकांचं नाव ना? मग ही भामाबाई तुमची कोण?"

भामाबाईने भावाकडे पाहिलं. तो तिच्याकडे हात जोडून उभा नव्हता, काही खुणावतही नव्हता. तो नुसता उभा होता, टेम्पो रुतला त्या दिवशी उभा होता तसा. आपण आत्ता उठून खरं नाव सांगितलं तर हा मरेल, हे तिला लख्ख दिसलं. नाही सांगितलं तर आई जिवंत राहणार, सरकारी साहेबाने डोळ्यांनी पाहिलेली, कानांनी ऐकलेली. मग तिला या रस्त्यावरून कोण सोडवणार? ज्या एका गोष्टीसाठी ती इथे येऊन बसली, तीच आता तिच्या हाताने जाणार होती. तिला रडू आलं आणि तिने ते थांबवलं नाही.

"लेक," ती म्हणाली.

साहेबांचा आवाज आणखी मऊ झाला. "कधी गेली?"

"आत्ताच, साहेब."

साहेबांनी मान खाली घातली. मग उठून त्यांनी लाल पेनने पटावर एक आडवी रेघ मारली आणि ग्रामसेवकाला बाजूला घेऊन हळू आवाजात सांगितलं, नोंद आजच करून घ्या, म्हातारीला हेलपाटे घालायला लावू नका. ग्रामसेवक भला माणूस होता. त्याने लगेच वही काढली, तिथेच दगडावर टेकवली आणि बन्सीला विचारलं, "मयताचं वय?"

बन्सीने दोनदा तोंड उघडलं, पण त्याला सांगता येईना. शेवटी भामाबाईनेच सांगितलं.

"पंचावन्न."